ट्यूब हेडफोन ॲम्पमध्ये गाणं बंद असतानाही घूंऽऽ आवाज येतो, ट्यूब बदलू का?

एवढ्यात नको, चांगल्या ट्यूब (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या व्हॅक्यूम नळ्या) महाग पडतात. आधी आवाज शून्यावर आणून इनपुटची वायर काढा. घूं थांबली तर बहुधा ग्राउंड लूप आहे, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून नको असलेला करंट फिरतोय: गाणी लॅपटॉपवरून वाजत असतील तर त्याचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका, ॲम्पच्या आत जीवघेणं व्होल्टेज असतं.

वायर काढूनही एकाच कानात खरखर राहिली, तर ॲम्प बंद करून, गार झाल्यावर डाव्या-उजव्या सारख्या ट्यूबची अदलाबदल करा. खरखर दुसऱ्या कानात गेली, तर तीच ट्यूब खराब. पेन्सिलीने हलकी टिचकी मारल्यावर हेडफोनमध्ये टणऽऽ घुमलं, तर ट्यूब मायक्रोफोनिक आहे, म्हणजे धक्क्याचाही आवाज पकडते.

दोन्ही कानांत 100 हर्ट्झची घूं असेल तर संशय पॉवर सप्लायच्या कपॅसिटरवर (चार्ज साठवून वीज सुरळीत करणारे भाग). ते जाणकाराकडूनच बदलून घ्या. बंद केल्यावरही त्यांच्यात चार्ज राहतो.