'इंजिनचा प्रकार' विचारताना नेमकं काय विचारायचं?

प्रश्न: नागपुरात मानेवाड्याला आमचा गाडीदुरुस्तीचा छोटा वर्ग आहे. मुलांनी वर्गात आलेल्या गाड्यांची यादी एक्सेलमध्ये केली. 'इंजिनचा प्रकार' या रकान्यात कुणी 'डिझेल' लिहिलं, कुणी 'चार सिलेंडर', कुणी 'बाराशे'. आता मोजदाद जमत नाही. 'प्रकार'पेक्षा नेमका मराठी शब्द सुचवाल का?

उत्तर: मुलांचं चुकलेलं नाही. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, अर्धवट आहे तो रकान्याचा मथळा. प्रकार कशावरून पाडायचे, हे 'प्रकार' हा शब्द सांगत नाही. आपल्याकडचा मिस्त्री हा शब्द वापरतच नाही. तो विचारतो, "पेट्रोल हाय का डिझेल?", "किती सिलेंडर हाय?", "किती सीसीची हाय?" त्याच्या बोलण्यात तुमचे तीन रकाने तयार आहेत.

पहिल्याला 'इंधन' म्हणा. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडायला स्पार्क प्लग असतो. डिझेल इंजिनात दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटतं, म्हणून तिथे तो प्लग नसतो. मुलांनी बॉनेट उघडून हे पाहावं आणि मगच रकाना भरावा. दुसऱ्या रकान्याला 'सिलिंडर' म्हणा. प्लग मोजून ते किती आहेत हे ओळखताना थोडं जपायला हवं, कारण होंडा सिटीच्या एका जुन्या इंजिनात दर सिलिंडरला दोन प्लग होते.

सीसीसाठी बरेच जण 'क्षमता' लिहितात. मला तो शब्द खटकतो. क्षमता म्हटलं की ताकद डोळ्यापुढे येते, आणि सारख्याच सीसीच्या दोन इंजिनांची ताकद वेगळी असू शकते. इथे शाळेतला 'घनफळ' हा शब्द चपखल बसतो. सीसी म्हणजे घन सेंटिमीटर, आणि सिलिंडर म्हणजे दहावीच्या भूमितीतली वृत्तचितीच. मारुती ८०० चं तीन सिलिंडरचं इंजिन घ्या. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८.५ मिलिमीटर, आणि दट्ट्याची (पिस्टनची) धाव, म्हणजे स्ट्रोक, ७२ मिलिमीटर. बोअरचा वर्ग गुणिले पाय, भागिले चार, गुणिले धाव, गुणिले तीन, आणि घन मिलिमीटरचे घन सेंटिमीटर करायला भागिले हजार. उत्तर येतं ७९६. हेच सूत्र, आकड्यांच्या जागी बोअर, धाव आणि सिलिंडर यांच्या रकान्यांतले चौकोन घालून, एक्सेलच्या एका चौकोनात लिहून खाली ओढलं की सगळ्या गाड्यांचं घनफळ निघतं. 'घनफळ' हा शब्द वर लिहिलेला असेल तर मुलांना सूत्र पाठ करावं लागत नाही, ते शब्दातूनच सापडतं.

सिलिंडर कसे बसवलेत, यासाठी 'मांडणी' असा चौथा रकाना करता येईल: एका ओळीत, व्ही, किंवा समोरासमोर (पोर्शे ९११ मध्ये असतात तसे). तुमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांना 'एका ओळीत' हेच उत्तर मिळेल, तेव्हा तो सध्या वगळला तरी चालेल.

आता मोजणीचं. काउंटइफ हे एक्सेलचं मोजणीचं फंक्शन तुम्ही दिलेला शब्द जसाच्या तसा शोधतं. 'डिझेल', 'डीझेल' आणि 'डिझल' हे त्याच्या लेखी तीन वेगळे शब्द. शेवटी चुकून एक मोकळी जागा राहिली तरी ती गाडी मोजणीतून सुटते. तेव्हा शुद्धलेखन आधी ठरवा. मी 'डिझेल' आणि 'सिलिंडर' लिहितो, तुम्ही 'सिलेंडर' लिहिलंत तरी हरकत नाही, फक्त यादीभर एकच रूप ठेवा. एक्सेलच्या डेटा व्हॅलिडेशन या सोयीत शब्दांची यादी देऊन ठेवली की मुलं त्यातूनच निवडतील. घनफळाच्या रकान्यात मात्र नुसता आकडा हवा. 'सीसी' हे मथळ्यातच लिहा. आकड्यापुढे 'सीसी' टाइप केलं की त्या चौकोनात आकडा न राहता मजकूर होतो, आणि सरासरी काढताना अ‍ॅव्हरेज हे फंक्शन तो चौकोन धरतच नाही.