सीरियल ड्रायव्हरमधले जुने पत्ते काढावेत का?

प्रश्न : आमच्या लिनक्स यंत्राच्या मदरबोर्डवर एकच सीरियल पोर्ट आहे, तरी टीटीवायएस० ते टीटीवायएस३ (लिनक्समधली सीरियल पोर्टची नावे) असे चार दिसतात. नवे, एका पोर्टचे पीसीआय-ई कार्ड थेट टीटीवायएस४ झाले. ८२५० ड्रायव्हरमधले (लिनक्समध्ये सीरियल पोर्ट चालवणारा भाग) पोर्टचे जुने, ठरलेले पत्ते काढून टाकले तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण त्या पत्त्यांवर कोण विसंबून आहे ते आधी पाहा. ही यादी जुन्या आयबीएम पीसीच्या जमान्यातली : हेक्समध्ये ३एफ८, २एफ८, ३ई८, २ई८. पहिला आणि तिसरा पोर्ट इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत) ४ वर, दुसरा आणि चौथा ३ वर. तेव्हा पोर्ट स्वतःची ओळख देत नसत, म्हणून पत्ते गृहीत धरावे लागत. आता मदरबोर्डवरच्या पोर्टची माहिती एसीपीआय (फर्मवेअरने ऑपरेटिंग सिस्टिमला हार्डवेअरची माहिती देण्याची पद्धत) देते. तरी यादीतल्या चारही जागा अडून राहतात आणि कार्ड पाचव्या जागी जाते.

रूट होऊन /प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर/सीरियल ही फाइल वाचा. पोर्टपुढे '१६५५०ए' (सीरियल चिपचा प्रकार) असेल तर चिप खरीच आहे. 'अननोन' आणि पुढे २एफ८ असेल तर तो पोर्ट नुसता यादीपुरता.

काढायचेच असेल तर कर्नलच्या सोर्समधल्या आर्च/एक्स८६/इन्क्लूड/एएसएम/सीरियल.एच मधला चार ओळींचा मॅक्रो रिकामा करा. त्याच फाइलमधली बेस-बॉडची (पोर्टच्या मूळ वेगाची) ओळ (१८४३२००/१६) मात्र ठेवा. बूटच्या सुरुवातीचा कन्सोल (कर्नलचे संदेश जिथे जातात तो) ती वापरतो.

खरा धोका क्रमांकांचा आहे. यादी गेल्यावर कुणी एसीपीआय बंद करून यंत्र सुरू केले, तर मदरबोर्डचा पोर्ट सापडतच नाही आणि कार्ड टीटीवायएस० होऊन बसू शकते. कन्सोल टीटीवायएस० वर लावलेला असेल तर बूटचे संदेश कार्डाला जोडलेल्या यंत्राकडे जातील. कारखान्यात हे अजिबात परवडणारे नाही.

म्हणून आमचा सल्ला : कर्नल पुन्हा बांधू नका. बूटच्या ओळीत ८२५०.एनआर_यूएआरटीज=४ द्या; ड्रायव्हरने पोर्टसाठी किती जागा ठेवायच्या ते यातून ठरते. तुमच्याकडे हा आकडा चारहून मोठा आहे, म्हणूनच कार्डाला एस४ मिळाला. चारच जागा ठेवल्या की कार्ड रिकाम्या जागेत बसते. आकडा १ करू नका. कार्डाला जागाच उरत नाही आणि 'एरर -२८' येतो. या आकड्याचा अर्थ 'जागा नाही' असा असल्याने लोक उगाच डिस्क तपासत बसतात.

शेवटी, कार्डाच्या पीसीआय पत्त्यावर यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांना नावे देणारी सेवा) नियम लिहून त्याला कायमचे नाव द्या आणि सॉफ्टवेअरमध्ये तेच नाव वापरा.