आठ तारखेच्या आधीचे नऊ दिवस

अगं पोरी,

तुझा तो सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, एकदा भाजी निवडताना आणि एकदा नीट बसून. आवाजावरूनच कळलं की धाबं दणाणलंय. शाळेत लागून जेमतेम दोन महिने झालेत, स्वतः कॅथलिक नाहीस, गुहागरकडून वसईत आलेली, आणि सिस्टरनी आठ सप्टेंबरचा मारियामातेचा जन्मदिन सरळ तुझ्या गळ्यात घातला. पाहुणे कोण बोलवू, फ्लेक्सवर काय लिहू, साऊंडवाला कुठला बरा, नाच किती बसवू असं सगळं विचारलंयस. फोनच केला असता पण फोनवर मी फाटे फोडते म्हणून लिहितेय, इथेही फोडणारच म्हणा.

तर पहिलं म्हणजे आठ तारखेचा विचार आत्ता करूच नको. ३० ऑगस्टला नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होईल, तिथून सात सप्टेंबरपर्यंत नऊ दिवस, तुझं खरं काम तेवढंच. ते नऊ दिवस जमले तर आठ तारखेला तू कोपऱ्यात चहा पीत उभी राहिलीस तरी चालतंय. नाही जमले तर मग मंडप कितीही मोठा घाल, पोरं आपली समोर बसून टाळ्या वाजवणार आणि घरी जाणार.

मला हे कुणी शिकवलं नाही, माझी फजिती झाली तेव्हा कळलं. एका वर्षी माझ्या डोक्यात आलं की यंदा जरा झोकात करू. मूर्तीसाठी थर्माकोलची गुहा, वर प्लास्टिकचे गुलाब, निळे लाइट, बाहेरचा डेकोरेशनवाला. पाहुणे दीड तास उशिरा आले, वरून पावसाची भुरभुर, पहिलीची पोरं पांढऱ्या कपड्यांत ताटकळून शेवटी खालीच बसली, मग काय, मागून सगळी चिखलाची. पण फजिती ती नव्हे. सुट्टीनंतर मी तिसरीच्या वर्गात शिरले तर असा वास की मला वाटलं उंदीर मेलाय. शिपाईमामा आणि मी एकेक बाक उचलून बघायला लागलो, तर बाकांच्या कप्प्यांमधून काय निघावं, सडलेली फुलं! कुणी ओल्या रुमालात बांधलेली, कुणी केळीच्या पानात, एकाने तर कंपासपेटीत कोंबलेली तगर. पोरांनी दरवर्षीच्या सवयीने फुलं आणली होती, आणि ती कुठे ठेवायची हे त्यांना सांगायला आम्ही कुणी मोकळेच नव्हतो, आणि थर्माकोलच्या गुहेत हात लावायचा नाही असं मीच ओरडले होते. बावीस-तेवीस पोरांची फुलं होती ती. त्यानंतर शाळेत डेकोरेशनवाला आलेला नाही, निदान मी होते तोपर्यंत तरी.

म्हणून नऊ दिवस व्हरांड्यात साधं टेबल, त्यावर चादर, मूर्ती, आणि स्टीलचे तीन-चार तांबे. बास. रोज एका वर्गाची पाळी, फुलं घरच्या अंगणातली, विकतची आणायची नाहीत हे पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधीच टाक, नाहीतर कुणीतरी आई दादरहून ऑर्किडचा बुके आणते आणि मग दुसऱ्या दिवशी बाकीच्या आयांची झोप उडते. आपल्या वसईत वाड्या असलेल्यांकडे चाफा, जास्वंद, मोगरा असतो, पण आता अर्धी पोरं बिल्डिंगमधली, त्यांच्याकडे कुंडीसुद्धा नसते, तर त्यांना सांगायचं जे हिरवं मिळेल ते आण. एक पोरगा कढीपत्त्याची डहाळी घेऊन आला होता, पोरं हसली, मी ती मुद्दाम मधल्या तांब्यात ठेवली आणि दिवसभर व्हरांड्यात फोडणीचा वास. मारियामातेने आयुष्यभर स्वयंपाकच केला असणार, तिला काय वावगं वाटणार.

आता कामं वाटण्याचं. इथे नवीन टीचर हमखास चुकतात आणि तूही चुकशील, कारण आपल्याला सवयच असते की ज्याचं वाचन चांगलं, आवाज खणखणीत, त्याला माइक द्यायचा. तसं केलंस तर नऊही दिवस तीच सहा पोरं. त्यापेक्षा कामांची यादी करताना प्रार्थना वाचणं हे नुसतं एक काम म्हणून लिही, आणि त्याच्याच खाली त्याच अक्षरात तांब्यातलं पाणी बदलणं, व्हरांडा झाडणं, घंटा देणं, पाऊस आडवा आला तर मूर्तीवर छत्री धरणं. माझ्याकडे एक अडखळत बोलणारा मुलगा होता, त्याने नऊ दिवस छत्री धरली, म्हणजे पाऊस नव्हता तेव्हाही धरली, मी काही बोलले नाही.

फळ्यावर रोज आकडा लिहायचा, नऊ, आठ, सात. पोरांना मोजायला जाम आवडतं. नाताळच्या आधी चर्चमध्ये चार मेणबत्त्यांचं चक्र बघशील ना, तेही असंच आलंय. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांची शाळा चालवणारा एक पास्टर होता, विखर्न नावाचा, पोरं रोज विचारून डोकं खायची की नाताळला किती दिवस राहिले, तर त्याने गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोज एक पेटवायची. तो कॅथलिक नव्हे हं, ल्युथरन, पण त्याची आयडिया आपण सगळ्यांनी उचलली.

आता तू जे मेसेजच्या शेवटी हळू आवाजात विचारलंस ते. मी हिंदू, मी हे कसं करू, आणि वर्गातल्या हिंदू-मुसलमान पोरांचं काय.

हे बघ, आपल्या संविधानाच्या कलम २८(३) मध्ये स्पष्ट आहे की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला त्याच्या मर्जीशिवाय, आणि लहान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, बसवता येत नाही. ते वाचून घाबरू नको, मला तर त्याचा आधारच वाटायचा. मी जूनमध्येच पालकसभेत सांगून टाकायचे की ही कॅथलिक शाळा आहे, इथे प्रार्थना होते, मिस्सा म्हणजे चर्चची मुख्य उपासना होते, तुमच्या मुलाने यायचं की नाही ते तुम्ही लिहून द्या, नाही आला तर तो लायब्ररीत बसेल आणि त्याला कुणी वाकडं बोलणार नाही. एवढं सरळ सांगितलं की लोक विश्वास ठेवतात. घोळ होतो तो लपवाछपवीने. काही जण सणाला 'मूल्यशिक्षण दिन' वगैरे नाव देतात आणि भाषणात सगळे धर्म सारखेच असं गुळमुळीत बोलतात, ते मला अजिबात पटत नाही. मारियामातेचा जन्मदिन आहे तर तसं म्हणावं ना, गणपतीला आपण 'मूर्तिकला सप्ताह' म्हणतो का?

आणि तरीही पोरं ती पोरंच. दुसरीतल्या एका मुलाने शेजारणीचं बघून डबा खायच्या आधी क्रूसाची खूण करायला सुरुवात केली, घरीही केली. त्याची आजी शाळेत आली, तोंड एवढंसं. मी ऑफिसात बोलावण्यापेक्षा संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. चहा झाला, मी सांगितलं की आम्ही शिकवलेलं नाही, पण तुम्ही म्हणाल तर मी त्याला समजावते. म्हातारी बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, नको, दटावू नका, फक्त आधी वदनी कवळ म्हणायला सांगा. पुढे चार महिने तो पोरगा दोन्ही करायचा आणि त्याचा डबा सगळ्यात शेवटी संपायचा. मग आपोआप खूण बंद झाली. वदनी कवळ पण बंद झालं म्हणा, चौथीत गेल्यावर.

चर्चचंही याबाबत म्हणणं आहे बरं का. २८ ऑक्टोबर १९६५ ला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेत, ख्रिस्ती शिक्षणावरचं पत्र आणि इतर धर्मांशी कसं वागावं यावरचं पत्र अशी दोन्ही एकाच दिवशी मंजूर झाली. मला एका फादरनी हे सांगितलं तेव्हा मी तारीख डायरीत लिहून ठेवली. कुणी स्टाफरूममध्ये तुला म्हणालं की तू बाहेरची, तुला काय कळणार, तर भांडू नको, ही तारीख सांग आणि चहा घे.

गणपतीचं मात्र आधीच बघ. २०२४ ला ७ सप्टेंबरला चतुर्थी आणि ८ ला हा सण, त्यात रविवार, अर्धी शाळा गावाला. पोरं परतल्यावर एक शुक्रवार धरून शाळेतला कार्यक्रम केला, मी रिटायर होऊनही गेले होते, आणि सावंतवाडीहून आलेल्या एका मुलीने टेबलावर फुलांऐवजी केवड्याचं पान ठेवलं. चर्चमधला सण त्याच्या तारखेला होतोच, शाळेने थोडं सरकावं. तारखेवरून हटून बसू नको.

गोष्टी कुठल्या सांगायच्या? रोज एकच, पाच मिनिटं. गोन्सालो गार्सियाची सांग, आपल्या वसईत जन्मलेला, फ्रान्सिस्कन ब्रदर, ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानात नागासाकीला क्रूसावर मारला गेला, १८६२ ला संत. त्याच्यासोबत मारलेल्या पंचवीस जणांत एक बारा वर्षांचा मुलगा होता, लुईस इबाराकी, हे सांगितलं की मागच्या बाकावरची कुजबुज थांबते. फक्त मरणाचं रसभरीत वर्णन नको, पोरं रात्री झोपत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतेय. आणि घंटेची सांग. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, इथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या, त्यातली एक भीमाशंकरला देवळासमोर टांगलेली आहे, दुसरी नाशिकला नारोशंकराच्या देवळात. पोरं हमखास विचारतात, बाई, मग परत मागायची का? मी उलटं विचारायचे, तुम्हाला काय वाटतं? एकदा चौथीच्या मुलीने सांगितलं, नको, तिथे रोज वाजते ना, इथे म्युझियममध्ये ठेवतील.

एक दिवस आजीला बोलव. लाल लुगड्यातल्या आज्या आता कमी राहिल्या, पण धर्मग्रामात, म्हणजे इथल्या चर्चच्या हद्दीतल्या लोकांत, विचारलंस तर एखादी मिळेल. माइक देऊ नको, खुर्ची दे आणि पोरांना खाली बसव. आमच्याकडे एक आजी आली ती कादोडीतच, म्हणजे इथल्या बोलीतच, बोलली, निम्म्या पोरांना कळलं नाही तरी सगळी तोंड उघडी टाकून ऐकत होती. तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये, एक अक्षर कळायचं नाही, पण 'दोमिनुस वोबिस्कुम' म्हटलं की काय उत्तर द्यायचं ते ऐंशीच्या घरात पाठ. तिने ते म्हणून दाखवलं, पोरांना वाटलं मंत्र आहे. मग मिस्सा मराठीत आली, तर म्हणे पहिल्या रविवारी मला लाज वाटली, देवाशी आपण घरच्यासारखं कसं बोलायचं.

जेवणाचं शेवटी लिहितेय पण माझ्या मते तेच मुख्य. नऊ दिवस प्रत्येकाने मूठभर तांदूळ आणायचे, स्वतःची मूठ, आईची नाही. आठ तारखेला त्याचं सगळ्यांनी एकत्र जेवायचं. पहिल्या वर्षी आम्ही मोठ्या हौसेने भात लावला आणि फसलो, कारण रेशनचा जाडा तांदूळ, कोलम, कुणाचा बासमतीचा तुकडा, कुणाचा घरच्या शेतातला उकडा, सगळं एकाच पातेल्यात, अर्धा लगदा अर्धा कच्चा. शाळेतल्या स्वयंपाकाच्या मावशी मला म्हणाल्या, बाई, शिकलेल्या ना तुम्ही? पुढच्या वर्षीपासून त्यांनीच ठरवलं, थोड्याची पेज, मीठ घालून, सोबत लोणचं, आणि उरलेले तांदूळ धुऊन वाळवून गिरणीत, पिठाचे घावन. दीडशे पोरांचं पस्तीसेक किलो भरलं होतं, जास्तीचं पीठ वाडीतल्या दोन-तीन एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे गेलं, पोरंच पिशव्या घेऊन गेली. गिरणीवाला पहिल्यांदा कटकट करतो की मिक्स तांदूळ नको, त्याला आधी सांगून ठेव. आणि चटणीत सुकट नको घालू, कितीही मोह झाला तरी. वासानेच निम्मी पोरं उठतात आणि मग पंगत वेगळी लावायची वेळ येते. पंगत एकच ठेव, फादर, सिस्टर, शिपाईमामा, पाहुणा आलाच तर तोही, सगळे खाली.

पाहुण्याचं विचारलं होतंस ना. बोलवायचा तर असा बोलव जो वेळेत येतो आणि पेज पितो. नाच दोन बास. फ्लेक्स नको, चौथीच्या पोरांना कार्डशीट दे, शुद्धलेखन चुकलं तरी राहू दे, फक्त 'मारिया' नीट लिहून घे.

मोठं पातेलं माझ्याकडे आहे, शाळेचं गळतं. झाकण हरवलंय, त्यावर परात ठेवावी लागते. सत्तावीस-अठ्ठावीस तारखेला कुणाला तरी रिक्षा घेऊन पाठव, दुपारी नको, मी झोपलेली असते.

तुझी,
बाई