संस्थेत व्हॉलंटियर नाव नोंदवतात, दोन-चार वेळा येतात आणि गायब होतात. त्यांना टिकवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की फॉर्म भरपूर येतात, पहिल्या मीटिंगला गर्दी होते आणि महिनाभरात तीच जुनी चार माणसं उरतात. मी बरीच वर्षं एका संस्थेत व्हॉलंटियर्सचंच काम बघतोय आणि माझं मत असं झालंय की तळमळ बहुतेकांना असते, नेमकं काम मिळत नाही म्हणून ते जातात.

"या, मदत करा" एवढंच ऐकून आलेला माणूस येतो, जुने लोक आपापल्या कामात असतात, ह्याला काय करायचं ते कोणी सांगत नाही, मग तो दोन खुर्च्या उचलतो, फोटोत उभा राहतो आणि घरी जातो. तो परत कशाला येईल? म्हणून बोलवायच्या आधी काम लिहून काढा. काय करायचं, कुठल्या वारी, किती तास, अडलं तर कोणाला विचारायचं आणि मुख्य म्हणजे कधीपर्यंत. शेवटची तारीख असली की लोक न घाबरता हो म्हणतात. मुदत संपली की सरळ विचारा, पुढे करणार, काम बदलून हवंय की थांबायचंय? थांबणाऱ्याला अडवू नका, नीट निरोप दिलेली माणसं पुन्हा येतात किंवा दुसऱ्या कोणाला तरी पाठवतात.

ग्रुपवर "रविवारी कोण फ्री आहे?" टाकणं मी बंदच केलंय. डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रयोगातून दाखवलं होतं की बघणारे जास्त असले की प्रत्येकाला आपली जबाबदारी कमी वाटते. ते अडचणीतल्या माणसाला मदत करण्याबद्दल होतं, पण ग्रुपवरही अगदी हेच होतं. एकेकाला नावाने फोन करा आणि तुम्हालाच का विचारतोय तेही सांगा.

आणि पहिल्याच दिवशी विचारा, तुम्हाला ह्यातून काय हवंय. क्लॅरी, स्नायडर या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये लोक व्हॉलंटियर का होतात याची सहा कारणं मांडली होती: मूल्यं, शिकणं, माणसांची सोबत, करिअर, मनावरचा भार हलका करणं आणि स्वतःबद्दल बरं वाटणं. ह्यात कमी-जास्त चांगलं काही नाही. करिअरसाठी आलेल्या मुलीला अनुभवपत्र वेळेवर मिळालंच पाहिजे. सोबत शोधत आलेल्या माणसाला घरी बसून करायची डेटा एन्ट्री दिली तर तो जाणारच, आणि शिकायला आलेल्याला वर्षभर पाकिटं चिकटवायला लावणं हा तर अन्यायच आहे.

प्रवासखर्च त्यांनी मागायच्या आधी द्या. लहान मुलांसोबतचं काम असेल तर ओळख-पडताळणी आणि ट्रेनिंग कितीही माणसं कमी पडली तरी टाळू नका. जो कधी नाही म्हणत नाही त्याच्यावरच सगळं टाकायची सवय तर ताबडतोब मोडा, संस्थेतली सगळ्यात चांगली माणसं अशीच थकून जातात. आभार मानताना नेमकं बोला, "तुमच्या यादीमुळे वाटप तासभर आधी संपलं" हे माणसाच्या लक्षात राहतं.

आता लगेच करण्यासारखं म्हणजे, सोडून गेलेल्यांपैकी पाच-सहा जणांना फोन करा. परत या म्हणू नका, बाजू मांडू नका, फक्त काय झालं ते विचारा आणि लिहून घ्या. उरलेल्या चौघांनाही विचारा, ते का थांबले. नवा फॉर्म त्यानंतरच काढा.