ताटावर बसलेल्या मुलीला रोज तोच प्रश्न नको

नमस्कार.

तुमच्या मुलीला बारावी सायन्सला ८४ टक्के आहेत, नीटला ३१० गुण, आणि आता तिला तत्त्वज्ञान घेऊन बीए करायचं आहे. तुमचं किराणा दुकान आहे, रिपीटर बॅचचे पैसे भरायची तयारी आहे. पत्रात पुढे तुम्ही लिहिता, "ती जेवायला बसली की मी रोज एकच विचारतो, हे शिकून खाणार काय?" गुण वाचून मला काळजी वाटली नाही, हे वाक्य वाचून वाटली.

रोज ताटावर हा प्रश्न ऐकणारी मुलगी त्याचं उत्तर शोधत बसत नाही, लवकर जेवून उठायला शिकते. मग तुमच्याशी बोलणं टाळते. उद्या तिचा निर्णय खरंच चुकतोय असं तिलाच वाटलं, तरी ती ते तुम्हाला सांगायला येणार नाही. नोकरीबद्दल विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण त्यासाठी एक दिवस ठरवा, कागद-पेन घेऊन बसा, आणि इतर दिवशी तो विषय काढू नका.

ती तत्त्वज्ञ जॉन ड्युईंचं उदाहरण देते, बाबासाहेबांचे शिक्षक म्हणून. त्यावर तुमचं म्हणणं असं, की तो अमेरिकन, मोठ्या घरचा, तिकडे या विषयाला मान. आम्हा दुकानदारांना ही चैन कुठली परवडते? इथे तुमचा मोठा गैरसमज आहे. ड्युईंचे वडील किराणा दुकानदारच होते. व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनमध्ये १८५९ साली ड्युईंचा जन्म झाला. यादवी युद्धात वडील दुकान विकून सैन्यात गेले, परतल्यावर त्यांनी सिगार-तंबाखूचं दुकान टाकलं. मुलांपैकी निदान एकाने तरी मेकॅनिक व्हावं, एवढीच त्यांची अपेक्षा. आई धार्मिक, येशूशी तुझं नातं नीट आहे ना, असं मुलांना सारखं विचारणारी. त्या सगळ्या वातावरणाने मन आतून फाटल्यासारखं झालं होतं, असं ड्युईंनी सत्तरी ओलांडल्यावर, १९३० साली लिहिलं. इतकी वर्षं ते मनात राहिलं होतं. आणि विषयाला मान म्हणाल, तर त्या काळी अमेरिकेतल्या कॉलेजांत तत्त्वज्ञान बहुतेक ठिकाणी पाद्रीच शिकवत. जो धर्मोपदेशक नाही त्याला नोकरी मिळणं अवघडच होतं.

१८७९ मध्ये पदवी मिळाली तेव्हा ड्युईंच्या हातात काम नव्हतं. अखेर नात्यातल्या एका बहिणीने पेनसिल्व्हेनियातल्या ऑइल सिटी या गावी शाळेत लावून दिलं, महिना ४० डॉलरवर. तिथे ते लॅटिन, बीजगणित आणि विज्ञान शिकवत. त्याच काळात त्यांनी तत्त्वज्ञानावर एक लेख लिहिला आणि त्या विषयाच्या नियतकालिकाचे संपादक विल्यम हॅरिस यांना पाठवला. सोबतच्या पत्रात विचारलं, की या विषयाला माझा वेळ द्यावा इतपत कुवत यात दिसते का? हॅरिस यांनी उत्तेजन दिलं, लेखही छापला. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने शिष्यवृत्ती नाकारली, तेव्हा नात्यातल्या एका बाईंकडून ५०० डॉलर उसने घेऊन ते शिकायला गेले. १८८४ मध्ये पीएचडी आणि मिशिगन विद्यापीठात वर्षाला ९०० डॉलरची नोकरी.

त्यानंतरही वाट सरळ नव्हती. १९०४ मध्ये पत्नीच्या नेमणुकीवरून वाद झाला आणि त्यांनी शिकागो विद्यापीठ सोडलं. पदरी मुलं, वय ४४, दुसरी नोकरी ठरलेली नाही. मग कोलंबिया विद्यापीठाने बोलावलं, म्हणून १९१३ साली न्यूयॉर्कला पोचलेल्या बाबासाहेबांना ते तिथे भेटले. लाहोरसाठी लिहिलेल्या आणि होऊ न शकलेल्या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी त्यांचं ऋण नाव घेऊन मानलं आहे.

मुलीलाही एक सांगायचंय. बाबासाहेब तिथे बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर गेले होते आणि त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. थोरांची नावं पुढे करून बाबांशी भांडू नकोस. तुला हा विषय झेपतो की नाही, हे त्यांच्या चरित्रावरून कळणार नाही. एखादा प्रश्न घे, त्यावर सात-आठ पानं स्वतः लिही, आणि जवळच्या कॉलेजातल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना दाखव. ड्युईंनी हॅरिसना विचारलं तेच विचार. उत्तर 'नाही' आलं तर तेही ऐकायची तयारी ठेव.

पुढचे रस्ते तुम्हाला माहीत असतीलच: एमए, नेट किंवा सेट, पदवीनंतर तीन वर्षांचं लॉ, यूपीएससीला वैकल्पिक विषय. प्राध्यापकीचं मात्र स्पष्ट सांगते, कायमच्या जागा थोड्या आहेत आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढणारी हुशार माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे बीए करतानाच तिने इंग्रजी लेखन पक्कं करावं आणि लॉची सीईटी डोळ्यासमोर ठेवावी.

रिपीटर बॅचची फी भरू नका. डॉक्टर व्हायचंच नाही अशा मुलीला आणखी एक वर्ष बायोलॉजीपुढे बसवणं मला क्रूर वाटतं. त्या पैशातला काही भाग तिच्या पुस्तकांसाठी आणि बीएच्या प्रवेशासाठी काढून ठेवा, बाकीचा लॉच्या फीसाठी बँकेत राहू द्या.