स्वस्तात घेतलेल्या गेममधील चलनामुळे खाते बंद का होते?

नाशिकरोडच्या एका ओळखीच्या मुलाकडून निम्म्या दरात चलन घेतले, पैसे यूपीआयने चुकते केले आणि तरीही आठवड्याभरात खाते बंद झाले, मग दोष माझा कसा, असे आपण विचारले आहे.

निम्मा दर परवडतो कसा, हा खरा प्रश्न आहे. असे चलन पुष्कळदा चोरलेल्या कार्डावर खरेदी केलेले असते किंवा खरेदीनंतर विक्रेता खोटे कारण सांगून परतावा मागतो. मूळ कार्डधारकाने बँकेकडे तक्रार केली की रक्कम गेमकंपनीच्या खात्यातून परत जाते आणि ते चलन ज्या खात्यात पोहोचले, त्यावर कारवाई होते. हा उलटा प्रवास पूर्ण व्हायला दिवस लागतात, म्हणूनच खाते लगेच बंद होत नाही. काही गेममध्ये आपोआप खेळणाऱ्या प्रोग्रामकडून चलन गोळा करून विकले जाते, तेथे व्यवहारांचा माग काढून ग्राहकही सापडतात. (विक्रेत्याला खात्याचा पासवर्ड दिला असेल, तर तो आधी बदलावा.)

गेमकंपनीशी झालेल्या करारानुसार खाते बहुधा आपल्या मालकीचे नसते, केवळ वापराचा परवाना असतो. त्यामुळे कंपनी ते बंद करू शकते. तिच्याकडे अपील जरूर करावे, मात्र खरेदी लपवू नये. पैसे बुडाल्याची तक्रार सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर किंवा नाशिकच्या सायबर पोलीस ठाण्यात करता येते. बंद झालेले खाते मात्र पोलीस उघडून देत नाहीत.