ग्रीसमध्ये 2010 नंतर इतके सार्वत्रिक संप झाले, त्यातून कामगारांच्या हाती काय लागलं?

लगेच तरी काहीच नाही. कर्जसंकटात सरकारनं काटकसरीसाठी सुरू केलेली वेतनकपात थांबली नाही. खासगी आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या दोन्ही महासंघांनी संपांवर संप केले, ऑक्टोबर 2011मध्ये तर सलग 48 तासांचा. तरीही 2012मध्ये किमान मासिक वेतन 751 युरोंवरून 586वर आलं, पंचविशीच्या आतल्यांचं 511वर. देशाला मिळणाऱ्या बचावकर्जाचे हप्ते युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हातात होते, मग अथेन्समधलं सरकार झुकून तरी काय देणार? माझ्या मते खरा घाव मात्र वेगळाच: कायदा बदलून कंपनीपुरता वेतनकरार उद्योगव्यापी करारापेक्षा वरचढ केला, तिथे संघटनांची वाटाघाटीची ताकदच गेली. अर्थात संप अगदीच वाया गेले असंही नाही. काटकसरीविरोधातल्या असंतोषावर स्वार होऊन 2015मध्ये सिरिझा हा डावा पक्ष सत्तेत आला; त्याच सरकारनं 2019मध्ये किमान वेतन 650 युरो केलं आणि तरुणांसाठीचा कमी दर रद्द केला.